एलरबाखची थोरली

“पायरी आहे. उंच आहे. पाय नीट उचल,” माझा दंड धरलेली बाई म्हणाली.

मी पाय उचलला, पण कमी पडला आणि ठेचकाळलो. डोळ्यांवर काळी पट्टी, एका हातात तुतारी, दुसरा हात शत्रूच्या गावातल्या कुणा अनोळखी बाईच्या ताब्यात. माणूस किती डौलात चालणार?

“आंधळ्यापेक्षा वाईट चालतोस,” ती म्हणाली. “आंधळ्याला निदान सवय असते.”

शत्रूशी बोलणी करायला तुतारीवाल्याला पाठवायचं, हा आमच्या काळी सगळ्या सैन्यांचा रिवाज होता, मग ते सैन्य कॅथलिक असो की आमच्यासारखं ल्यूथरपंथी. वेशीसमोर उभं राहून तुतारी फुंकायची, दार उघडलं की डोळ्यांना पट्टी बांधून घ्यायची आणि ते नेतील तिकडे जायचं. तुतारीवाल्याला कोणी मारत नाही. निदान मारू नये असं ठरलेलं होतं.

मध्येच बाईने मला थांबवलं. माझा हात एका दगडी भिंतीवर टेकवला आणि म्हणाली, “इथेच उभा राहा. दुपारची वेळ झाली. मी आलेच.”

“अहो, पण कॅप्टन वाट बघत असतील!”

“बघू दे की. तो वेढा पडल्यापासून वाटच बघतोय.”

लाकडी दाराचा करकर आवाज आला. थोड्या वेळाने माझ्या डोक्यावर घंटा वाजली. घंटा मी जन्मभर ऐकत आलो होतो, पण ही कानांत वाजलीच नाही. आधी तळपायांखालची फरशी हलली, मग भिंतीवरचा हात, मग दाढा. इतका खोल आणि इतका सावकाश आवाज माझ्या तुतारीच्या जन्मात निघाला नसता. मला थोडा हेवाही वाटला.

बाई धापा टाकत परत आली. “ही आमची थोरली,” घरातल्या सुनेची ओळख करून द्यावी तशी ती म्हणाली. “माझा नवरा वाजवायचा. तो गेला, आता मी वाजवते. माझं नाव वालबुर्गा. चल आता.”

एलरबाखच्या शिबंदीचा प्रमुख कॅप्टन बालदेरी इटलीचा होता, कॅथलिक बादशहाच्या नोकरीत. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, पण आवाजावरून माणूस पार कंटाळलेला वाटला.

“तुमचे प्रिन्स तोफा कधी डागणार?” त्याने पहिलाच प्रश्न केला.

मी चाट पडलो. “आपण शरण यावं, असा निरोप घेऊन मी आलोय.”

“शरण यायला मी केव्हाचा तयार आहे! पण तटाला खिंडार पडल्याशिवाय मी दार उघडलं, तर आमचाच सेनापती मला भ्याड म्हणून फासावर चढवेल. खिंडार पडल्यावरही लढत बसलो, तर तुमचे लोक आत शिरून सगळ्यांना कापतील. म्हणून खिंडार पडायचं, लगेच ढोल वाजवून शरण यायचं आणि निशाण घेऊन सन्मानाने निघून जायचं. कुठलाही शहाणा सैनिक असंच करतो. पण त्यासाठी समोरच्याने तोफ डागायला नको? तुमच्या तोफा नुसत्या माझ्याकडे बघत बसल्यात!”

“आणि तोफ डागली की थोरली गेली,” माझ्या मागून वालबुर्गा कडाडली. “ते बोला की, कॅप्टनसाहेब!”

तिचं खरं होतं. ज्या गावावर तोफ डागून ते जिंकलं, त्या गावातल्या घंटांवर जिंकणाऱ्याच्या मुख्य गोलंदाजाचा हक्क, असा दुसरा एक रिवाज होता. गोलंदाज त्या उतरवायचा, फोडायचा आणि वितळवून विकायचा किंवा नव्या तोफा ओतायचा. एक गोळा उडाला तरी पुरे. घंटा गेली की गावाला आग लागली तर सांगणार कोण, लुटारू आले तर उठवणार कोण?

“घंटा माझ्या मानेपेक्षा महत्त्वाची नाही,” बालदेरी म्हणाला.

“तुमच्या मानेशी मला काय करायचंय?” वालबुर्गा म्हणाली. “तुम्ही आज इथे, उद्या दुसरीकडे. ती माझ्या आजीच्या आधीपासून इथे आहे.”

मी उत्तर घेऊन परत निघालो. खरं सांगायचं तर मी कॅप्टनच्या बाजूचा होतो. तोफ डागावी, खिंडार पडावं आणि ते शरण आले नाहीत तर आणखी चांगलं. मग हल्ला होईल आणि हल्ल्याची तुतारी मी फुंकेन. त्या तुतारीची मला फार गरज होती. का, ते सांगतो.

माझे मालक प्रिन्स लुडोल्फ हे राउटेनफेल्स नावाच्या संस्थानाचे धनी. संस्थान एवढं चिमुकलं, की सकाळी न्याहारी करून घोड्यावर बसलेला माणूस जेवायच्या आधी पलीकडच्या राज्यात पोचायचा. त्यातही हे तिसरे चिरंजीव. दोघे थोरले आजाराने गेले म्हणून गादी मिळाली. कॅथलिक आणि ल्यूथरपंथी यांची ती न संपणारी लढाई सुरू झाली तेव्हा ते मिसरूड फुटायच्या वयाचे होते. आधी डेन्मार्कच्या राजाकडे चाकरी केली, तो हरला. मग स्वीडनकडे गेले, तिथेही त्यांची तुकडी नेमकी पडत्या बाजूला. शेवटी लिंडेनफुर्टची लढाई झाली आणि त्यांचं नाव कायमचं खराब झालं.

लिंडेनफुर्टला आमचं घोडदळ टेकडीआड उभं होतं. सेनापतीने आमच्या पाठीमागून निशाण हलवलं, मी प्रिन्सच्या मागे घोड्यावर बसून हल्ल्याची तुतारी फुंकली. प्रिन्स हलले नाहीत. मी पुन्हा फुंकली. ते समोर बघत राहिले. शेवटी माझ्या शेजारच्या एकाने घोडा पुढे दामटला, तेव्हा ते दचकले आणि तलवार उपसून निघाले. तोवर शत्रूने नदी ओलांडली होती. तेव्हापासून सगळ्या सैन्यात त्यांचं नाव पडलं ‘उशिराचे प्रिन्स’. आणि त्यांचे मित्र त्यांची बाजू घेताना म्हणायचे, “त्यांची काय चूक? तुतारीच वाजली नसेल.”

म्हणजे चूक माझी! आम्हा तुतारीवाल्यांच्या मंडळींनी मला बैठकीत बसू देणं बंद केलं. चारचौघांत कुणी माझ्याबरोबर पेला उचलेना. आणि प्रिन्स कधी एका शब्दाने म्हणाले नाहीत, की टोबियासने तुतारी फुंकली होती. मी त्यांची नोकरी सोडली नाही, कारण डाग लागलेल्या तुतारीवाल्याला दुसरा कोण ठेवणार? एखाद्या गावावर झकास हल्ला व्हावा, माझी तुतारी सगळ्यांनी ऐकावी, एवढी एकच इच्छा मनात धरून मी त्यांच्या मागे फिरत होतो.

छावणीत आलो तेव्हा प्रिन्स तंबूबाहेर उन्हात बसले होते. त्यांची एक पद्धत होती. बोलणाऱ्याने अगदी समोर, उजेडाकडे तोंड करून उभं राहायचं. दुसरी पद्धत याहून विचित्र. त्यांच्या जवळच्या कुणी मिशी ठेवायची नाही. लढवय्या म्हणवणाऱ्या पुरुषांच्या भरघोस मिशांच्या त्या काळात आमची छावणी गुळगुळीत. इतर सैन्यांतले लोक आम्हाला मठातल्या जोगिणी म्हणून चिडवायचे. राजेलोकांचं खूळ, आपण काय बोलणार?

“घंटा ऐकलीस?” प्रिन्सनी विचारलं. कॅप्टन नाही, शिबंदी नाही, धान्य नाही. घंटा.

“ऐकली, महाराज. तिच्याखालीच उभा होतो.”

“कशी आहे?”

“मोठी आहे.”

“ते मलाही इथून कळतंय, गाढवा. जवळून कशी आहे?”

मी सांगितलं, फरशी हलली, दाढा हलल्या. ते माझ्या तोंडाकडे असे बघत होते, की मी जणू मेजवानीचं वर्णन करतोय. मग मी कॅप्टनचं म्हणणं सांगितलं.

“म्हणजे तोफ डागायला हवी!” मागून आमचा मुख्य गोलंदाज बुर्कहार्ट म्हणाला. आख्ख्या छावणीत मिशी न काढलेला हा एकच माणूस. ती त्याच्या ओठांवरून पडद्यासारखी खाली लोंबायची. तोफखान्याला कुणाचा हुकूम चालत नाही, असं तो म्हणायचा. “महाराज, एक गोळा. एकाच गोळ्यात काम होतंय.”

प्रिन्स उठले आणि त्याच्याकडे न बघताच तंबूत गेले.

“बघितलंस?” बुर्कहार्ट माझ्यावर उखडला. “माझ्याशी कधी बोलतच नाही हा माणूस. मी काय कुत्रा आहे?”

मलाही राग आला होता. मी आत गेलो आणि सरळ विचारलं, “महाराज, तोफ का डागत नाही?”

“दारू ओली आहे.”

“दारू कोरडी आहे, मी बघितलीय.”

“बुर्कहार्ट आधीच माजलाय. घंटा मिळाली तर आणखी माजेल.”

“खरं कारण सांगा.”

“खरं कारण हे, की मी प्रिन्स आहे आणि तू तुतारीवाला,” ते हसून म्हणाले. मग आवाज उतरवून, जवळजवळ विनवणीने म्हणाले, “टोबियास, त्या घंटेला धक्का न लावता हे गाव मिळण्याचा काही मार्ग आहे का, बघ ना.”

राजा असा बोलला की नाही म्हणवत नाही. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा वेशीसमोर जाऊन तुतारी फुंकली.

“पुन्हा आलास?” माझ्या मागे उभी राहून पट्टी बांधता बांधता वालबुर्गा म्हणाली. “काय म्हणतो तुमचा प्रिन्स?”

“घंटा वाचवायची म्हणतो.”

तिचे हात थांबले. “का?”

“मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.”

तिने पट्टीची गाठ मारली. मला घेऊन चालू लागली, दुपारची घंटा वाजवायला मला भिंतीपाशी सोडून गेली, परत आली आणि मग जिन्याच्या मध्यावर एकदम म्हणाली, “कॅप्टनला खिंडारच पाहिजे ना? तोफेचंच पाहिजे असं आहे का?”

“म्हणजे?”

“तट आमचा आहे. आमच्या आज्यापणज्यांनी दगड वाहिले. आम्ही पाडला तर?”

कॅप्टन बालदेरीला हे सांगितलं. मग तो असा हसला की खुर्ची करकरली. “स्वतःचा तट स्वतः पाडणार! हे फक्त याच मुलखात सुचू शकतं.” मग हसू आवरून, सैनिकी आवाजात म्हणाला, “पण दगड आतल्या बाजूला पडले पाहिजेत. बाहेर पडले तर आतून पाडलं हे पोरालाही कळेल. आमचे तपासनीस येऊन बघतात.”

“मग बाहेरून पाडावा लागेल,” मी म्हणालो.

“मग बाहेर येऊन पाडू,” वालबुर्गा म्हणाली. “तुमचे लोक आम्हाला मारणार नसतील तर.”

प्रिन्सना हे सांगितल्यावर त्यांनी मला मिठीच मारली. बुर्कहार्टने मात्र हातातला पेला जमिनीवर आपटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जे दृश्य मी बघितलं तसं आख्ख्या युद्धात कुणी बघितलं नसेल. वेशीचं दार उघडलं आणि एलरबाखचे गवंडी, लोहार, बायका, म्हातारे पहारी आणि घण घेऊन बाहेर आले. आमच्या सैन्यासमोर, आमच्याकडे पाठ करून, आपल्याच तटावर तुटून पडले. आमचे शिपाई गवतात बसून त्यांना सल्ले देत होते. “अरे, तो कोपऱ्याचा आधी काढा!” वरून बालदेरीचे शिपाईही वाकून ओरडत होते, की इकडे नको, इथे तट जास्त जाड आहे.

तोफांच्या पुढचा उंचवटा बघायला सोयीचा होता. प्रिन्सनी तिथे खुर्ची मांडायला लावली आणि तट पडताना बघत दाढी करून घ्यायला बसले. त्यांचं तोंड गावाकडे, पाठ आमच्याच मोठ्या तोफेकडे. मी त्यांच्या समोर, उतारावर थोडा खाली उभा होतो, कारण मध्येच काही निरोप द्यायचा तर मीच देणार होतो.

न्हाव्याने अर्धा गाल केला असेल नसेल, तेवढ्यात तोफेपाशी गडबड झाली. बुर्कहार्टने तोफ ठासली होती. हातात पेटती बत्ती होती. सकाळपासून पीत असावा, डोळे लाल झाले होते.

“महाराज!” तो ओरडला. “बाजूला व्हा! घंटा माझ्या हक्काची आहे! एक गोळा मी उडवणार!”

 प्रिन्स जागचे हलले नाहीत. एका हाताने मांडीवरचा पंचा नीट केला.

“दुसऱ्यांदा सांगतो!” बुर्कहार्टचा आवाज फाटला. “गोळा तुमच्या डोक्यावरून जाईल. काही झालं तर मला बोल लावू नका! बाजूला व्हा!”

न्हाव्याने वस्तरा टाकला आणि पळ काढला. आमचे लोक एकेक करून उभे राहिले. तट पाडणारे गावकरी वळून बघू लागले. अर्ध्या चेहऱ्यावर फेस असलेले प्रिन्स लुडोल्फ, ज्यांना सगळं सैन्य भित्रा म्हणून हसत होतं, ते पेटत्या बत्तीकडे पाठ करून शांत बसले होते. न्हावी कुठे गेला म्हणून त्यांनी जरा कपाळाला आठी घातली, एवढंच. शेजारचा एक म्हातारा स्वार रडायला लागला. “काय छाती आहे,” तो म्हणाला, “काय छाती आहे!”

प्रिन्सची नजर माझ्यावर आली. माझ्या चेहऱ्याकडे बघून ते थबकले. मला ओरडायचं होतं, पण आवाज फुटेना. नुसते ओठ हलले. “मागे बुर्कहार्ट. बत्ती पेटलीय.” माझं मलाही ऐकू आलं नाही.

“तोफ ठासलीय?” प्रिन्सनी हळूच विचारलं.

मी मान हलवली. त्यांना उत्तर दिल्यावर माझ्या लक्षात आलं. मी शब्द उच्चारलाच नव्हता. आणि ज्याने तो ऐकला, त्याने पाठीमागची आख्ख्या छावणीला हादरवणारी आरोळी ऐकली नव्हती.

प्रिन्स वळले नाहीत. दोन बोटांनी गालावरचा फेस पुसला आणि मोठ्या, आळसावलेल्या आवाजात म्हणाले, “बुर्कहार्ट, ती बत्ती विझव आणि माझा न्हावी शोधून आण. अर्धी दाढी घेऊन मी गावात शिरू का?”

आधी कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळी छावणी हसली, तटावरचे शत्रूही हसले. बुर्कहार्ट तोफेला टेकून मटकन खाली बसला. त्याने बत्ती मातीत खुपसली आणि लहान मुलासारखा हमसाहमशी रडू लागला. तेवढ्यात गवंड्यांनी शेवटची पहार मारली आणि तटाचा मोठा तुकडा धाडकन आत कोसळला. बालदेरीने असा काही ढोल बडवला की जणू त्याचंच लग्न आहे.

संध्याकाळपर्यंत गाव आमचं झालं. बालदेरी निशाण फडकवत, पुढे वाजंत्री लावून निघून गेला. जाताना खिंडारापाशी थांबून त्याने दगडांवर प्रेमाने हात फिरवला. गावाला चर्च आणि धर्म त्यांचाच राहील, असा शब्द प्रिन्सनी दिला होता. शिपायांच्या तोंडी एकच गोष्ट होती, तोफेच्या तोंडाशी बसून दाढी करणारे प्रिन्स.

मी त्यांना शोधत गेलो तेव्हा ते चर्चच्या मनोऱ्याखाली एकटे उभे होते. वर वालबुर्गा संध्याकाळची घंटा वाजवत होती. प्रिन्सनी दोन्ही तळवे मनोऱ्याच्या मधल्या जाड लाकडी खांबावर टेकवले होते, कपाळही टेकवलं होतं, डोळे मिटलेले. घंटा थांबली तरी ते हलले नाहीत. शेवटची थरथर लाकडातून जाईपर्यंत थांबले. डोळे उघडले तेव्हा मी समोर होतो.

“तुला कळलं,” ते म्हणाले.

“केव्हापासून, महाराज?”

“डेन्मार्कच्या राजाकडे असताना माझी जागा तोफांच्या ओळीत होती. आवाज हळूहळू गेले. बारीक आधी. पक्षी गेले, मग बायका, मग तुझी तुतारी. माणसांचं ओठांवरून कळतं.”

“म्हणून मिश्या...”

“म्हणून मिश्या. बुर्कहार्ट काय बोलतो ते मला एवढ्या वर्षांत एकदाही कळलेलं नाही.” ते हसले, पण ते हसू टिकलं नाही. “आणि बहिऱ्याला कुणी सेना देत नाही. सेना गेली तर राउटेनफेल्ससारखं संस्थान मोठ्या शेजाऱ्यांनी केव्हाच गिळलं असतं. म्हणून गप्प राहिलो.”

“लिंडेनफुर्टला,” मी म्हणालो, “मी तुतारी फुंकली होती.”

“तू नेहमीच फुंकतोस, हे मला माहीत होतं. तुझ्यावर आळ आला तेव्हा मी बोलायला हवं होतं. बोललो नाही, कारण बोललो असतो तर मी संपलो असतो.” ते थेट माझ्याकडे बघत होते. “तुला राग आला असेल तर तो खरा आहे. धर.”

राग आला होता. एवढी वर्षं ज्या लाजेत मी जगलो, ती या माणसाने जाणूनबुजून माझ्या गळ्यात राहू दिली होती. मी तिथेच मोठ्याने ओरडून सगळ्या गावाला सांगू शकलो असतो. पण त्यांचे हात अजून खांबावरच होते, आणि मी दुसरंच विचारलं, “हिचा आवाज येतो तुम्हाला?”

“पहिल्या संध्याकाळी छावणीत बसलो होतो. एकदम छातीत काहीतरी वाजलं. आधी वाटलं, मरतोय. मग कळलं, ऐकतोय.” ते थांबले. “तिला वितळवायला कसा सांगू रे मी?”

 हे गुपित त्यांनी स्वतः फोडेपर्यंत मी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बुर्कहार्ट मिशी भादरून आला. एवढ्या शूर धन्यासमोर आपण माज केला, त्याची शिक्षा म्हणे. त्याने प्रिन्सना मुजरा करून माफी मागितली आणि प्रिन्सनी त्याच्या प्रत्येक शब्दाला उत्तर दिलं. बुर्कहार्टला वाटलं, मनाचा मोठेपणा. पुढे त्या दाढीची गोष्ट त्याच्याइतकी कुणीच रंगवून सांगितली नाही.

प्रिन्स त्याच हिवाळ्यात छावणीतल्या तापाने गेले. शेवटच्या दुपारी त्यांनी सगळ्या अधिकाऱ्यांना खाटेभोवती बोलावलं, मला समोर उभं केलं आणि स्पष्ट शब्दांत म्हणाले, “लिंडेनफुर्टला टोबियासने तुतारी फुंकली होती. मला ऐकू आली नाही. मी बहिरा आहे. लोकांना सांगा.”

अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. वैद्याने त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि मान हलवली. ताप डोक्यात गेलाय. बुर्कहार्ट मला बाहेर नेऊन म्हणाला, “मरताना सुद्धा नोकराचा कलंक स्वतःवर घेतोय बघ. असा धनी पुन्हा होणे नाही.” आमच्या पाद्रीबुवांनी अंत्यविधीच्या प्रवचनात तोफ घेतली, दाढी घेतली, तुतारी वगळली. मी वैद्यालाही सांगून बघितलं, पाद्रीबुवांनाही. माझ्यासारख्याने ते सांगावं, यात त्यांना माझाच स्वार्थ दिसला.

शवपेटी गाडीवर घालून आम्ही राउटेनफेल्सला निघालो. वाट एलरबाखवरून जात होती. खिंडार अजून बुजवलं नव्हतं. निळंशार आभाळ, कडक थंडी, कुठे ढगाचा ठिपका नाही. मी गावच्या पाद्र्यासमोर टोपी काढून उभा राहिलो आणि म्हणालो, “गाडी जाईपर्यंत थोरली वाजवाल का?”

म्हातारा पाद्री कळवळला. “त्यांनी आमची घंटा वाचवली, हे मी विसरलेलो नाही. पण ते ल्यूथरपंथी होते. पाखंड्यासाठी घंटा वाजवली तर बिशप मला इथे ठेवणार नाहीत. नाही वाजवता येत, बाबा.”

त्याच्या मागे एक बुटकी, रुंद खांद्यांची बाई उभी होती. मी तिला कधी बघितलं नव्हतं. ती बोलली तेव्हा ओळखलं.

“फादर, वादळ येतंय,” वालबुर्गा म्हणाली.

कॅथलिक गावांत वादळ आलं की घंटा वाजवायचे. घंटेने गारा पळतात, अशी त्यांची समजूत. आमचे प्रिन्स या समजुतीची मनसोक्त टिंगल करायचे.

पाद्र्याने वर बघितलं. त्या लख्ख आभाळाकडे तो डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत राहिला. मग खाली माझ्याकडे, मग गाडीकडे.

“हो,” तो म्हणाला. “लक्षण ठीक दिसत नाही. जा, वाजव.”

ती मनोऱ्याकडे धावली. दाराचा तो ओळखीचा करकर आवाज आला. घोडे चालू लागले, गोलंदाज बुर्कहार्ट टोपी छातीशी धरून पुढे चालत होता, आणि मागून थोरली वाजायला लागली. गावकरी दारांत येऊन आभाळाकडे बघत होते आणि कुणी काही विचारत नव्हतं.

माझी तुतारी पाठीला होती. ती मी काढली नाही. हातमोजा काढला आणि तळवा शवपेटीच्या फळीवर ठेवला. लाकूड थरथरत होतं.